सगळे अर्थ एका ठिकाणी

आमच्या घरी पत्रकाची एक बाजू जगासाठी असायची आणि दुसरी घरासाठी. छापील बाजूवर 'कामगार बंधूंनो' असायचं आणि कोऱ्या बाजूवर आईची किराण्याची यादी, माझे पाढे, शेजारच्यांना ठेवलेली चिठ्ठी. युनियनची उरलेली पत्रकं बाबा गठ्ठ्याने घरी आणायचे आणि दिवाणाखाली रचून ठेवायचे. घरात वह्या होत्या, तरी कच्चं काम पाठकोऱ्या कागदावरच व्हायचं. मी वाचायला शिकले तीही या पत्रकांवरच. मला 'ससा'च्या आधी 'निषेध' लिहिता यायचं, असं आई अजून पाहुण्यांना सांगते.

ही सवय आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे बिघडलं ते एका पाठकोऱ्या कागदावरून. बाबांनी घरी एक अ‍ॅम्प्लिफायर बांधला. तो त्यांना दोन्ही कानांनी एकदा तरी नीट ऐकायचा होता. ते झालं नाही. त्यात कानाचा दोष आहे, नशिबाचा असेल, आणि माझा आहे. पहिल्या दोघांवर पत्रक काढता येत नाही, म्हणून मी तिसऱ्याबद्दल लिहिते आहे.

बाबा डोंबिवलीत, मानपाड्याच्या औद्योगिक वसाहतीत, ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात होते. पहिली बारा वर्षं लोखंडी पत्रे कापायच्या प्रेसवर आणि नंतर वाइंडिंगला, म्हणजे तांब्याची तार गुंडाळायच्या खात्यात. युनियनची पत्रकं तेच लिहायचे. छोटी वाक्यं, एकही विशेषण नाही. माझे शाळेतले निबंधही ते तपासायचे. पेन्सिल घेऊन बसायचे आणि जिथे मी नुसती फुगवाफुगवी केली असेल तिथे समासात लिहायचे, 'अर्थ नाही'. लाल शाईपेक्षा मला त्या पेन्सिलीची भीती होती. वक्तृत्व स्पर्धेचं माझं पहिलं भाषण त्यांनी चार पानांवरून एका पानावर आणलं होतं. मी रडले होते आणि दुसऱ्या दिवशी पहिली आले होते.

कारखाना बंद झाला, युनियन विरली. मी मोठी झाले, ठाण्यात कोलशेतला दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहू लागले आणि कंत्राटी कामगारांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या गटाची पत्रकं लिहू लागले. बाबांच्या पेन्सिलीला काम उरलं नाही. तेव्हा त्यांनी अ‍ॅम्प्लिफायरचं काढलं.

फार वर्षांपूर्वी कारखान्यातल्या एका इंजिनियरच्या ठाण्यातल्या बंगल्यावर ते काही सामान पोचवायला गेले होते. आतल्या खोलीत रेकॉर्ड लागली होती. दारात उभं राहून त्यांनी तंबोरा ऐकला. "चार तारा चार ठिकाणी होत्या," ते सांगायचे. "मोजता येत होत्या. आपल्या रेडिओवर तंबोरा म्हणजे नुसता धूर."

"बाबा, हे बंगलेवाल्यांचं खूळ आहे," मी म्हणाले होते.

"बंगला नाही, म्हणून तर स्वतः करतोय."

"लोकांना कामावर पाणी मिळत नाही प्यायला आणि तुम्ही तंबोऱ्याच्या तारा मोजणार."

"लोकांना पाणी मिळालं की तारा मोजू नयेत का, पुढारी?"

पुढारी मी. लाडात असले की बाबा मला याच नावाने हाक मारायचे.

जेवणाचं टेबल त्यांनी ताब्यात घेतलं. ट्रान्सफॉर्मर विकत आणायचा प्रश्नच नव्हता. गोल कड्यावर तार गुंडाळताना ते वेढे मोजायचे आणि मोजताना कुणी बोललं की हात वर करायचे, पंजा उघडा, थांब म्हणून. एकदा कुरियरवाल्याने बेल वाजवली, मोजणी चुकली आणि त्यांनी सगळी तार उलगडून पुन्हा सुरुवात केली. आई त्या कड्याला मेदुवडा म्हणायची. "अहो, तुमचा मेदुवडा उचला, पोळ्या ठेवायच्यात." ट्रान्झिस्टर तापतात म्हणून त्यांच्या पाठीला लावायचे अ‍ॅल्युमिनियमचे दातेरी ठोकळे आले, तेव्हा तिने हात लावून पाहिला. "यावर पापड वाळतील," ती म्हणाली, "म्हणजे तेवढा तरी उपयोग."

मी रविवारी जायचे. पहिल्यांदा वीज जोडली तो रविवार मला आठवतो. थेट जोडायचं नसतं. मध्ये एक साधा पिवळा बल्ब लावतात. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटून राहतो आणि महिन्यांचं काम जळण्यापासून वाचतं. बाबांनी बटण दाबलं. बल्ब क्षणभर पेटला आणि मंदावत विझला.

"गेला वाटतं बल्ब," आई म्हणाली.

"विझला म्हणजे पास," बाबा म्हणाले. माझ्या दहावीच्या निकालालाही त्यांचा चेहरा असा नव्हता.

मग दोन स्पीकर जोडले गेले. ऐकायची खुर्ची कुठे ठेवायची हे बाबांनी मापून काढलं आणि चार पायांच्या जागी फरशीवर खडूने खुणा केल्या. गाणं लावायच्या आधी नुसतं चालू करून ऐकायचं होतं.

"काय येतंय?"

"बारीक घूं येतंय," मी म्हणाले. "दोन्हीकडून. डावीकडे जास्त."

"याला हम म्हणतात," बाबा म्हणाले. त्यांना खुर्चीतून ऐकू येत नव्हतं. स्पीकरला कान लावला तेव्हा आलं. बारा वर्षं प्रेसवर काढलेला कान तो.

"मग राहू दे की," मी म्हणाले. "ऐकणार तुम्ही. तुम्हाला खुर्चीतून येत नाही ना?"

"तुला येतंय ना? मग आहे."

कारखान्यात एक नियम होता, करणारा तपासत नाही. ज्याने तार गुंडाळली त्याने स्वतःच्या कामावर पास म्हणायचं नाही, दुसऱ्याने म्हणायचं. तोवर त्या मालाला दोऱ्याने एक गुलाबी कार्ड बांधलेलं असायचं, 'तपासणी बाकी'. अशी चार-पाच कार्डं बाबांच्या खणात होती. एक त्यांनी अ‍ॅम्प्लिफायरच्या मुठीला बांधलं. आईला तपासनीस करून पाहिलं होतं, पण ती दर वेळी "मला तर छानच वाटतंय" म्हणायची, म्हणून तिची नेमणूक रद्द झाली. "तू ऐकायचं, मी आत हलवायचं," ते मला म्हणाले. "दोन-तीन रविवारांचं काम आहे."

त्यातले दोन रविवार मी गेले नाही. मी एक पत्रक लिहीत होते.

पत्रक मानपाड्यातल्या प्रेस शॉप्सबद्दल होतं. तिथल्या कंत्राटी मुलांना कानावर लावायला काही मिळत नव्हतं, कानांची तपासणी होत नव्हती. टिटवाळ्याहून येणाऱ्या एका प्रेस ऑपरेटरने मला सांगितलं होतं की सकाळचा गजर ऐकू येत नाही, म्हणून तो मोबाईल उशीखाली थरथरत ठेवतो. मी सगळं पत्रक त्या उशीवर उभं केलं होतं. माझ्या मते मी तोवर लिहिलेल्यातलं ते सर्वांत चांगलं होतं. मार्चमधल्या एका रविवारी सकाळी मी ते बाबांसमोर ठेवलं.

"नजर टाका. संध्याकाळी घेऊन जाते."

"आणि हम?"

"संध्याकाळी बघू."

दिवसभर मी कामगारांना भेटत मानपाड्यात फिरले. संध्याकाळी घरी आले तर कुलूप. माझ्याकडे किल्ली होती. टेबलावर अ‍ॅम्प्लिफायर उघडा पडलेला आणि त्याच्या शेजारी माझं पत्रक पालथं. त्याच्या पाठीवर बाबांची पेन्सिल. चार-दोन रेघा, कडेपर्यंत ओढलेला एक बाण, आणि खाली:

'इथे अर्थ नाही. सगळे अर्थ एका ठिकाणी आणायला हवेत. नाहीतर नुसती घूं घूं.'

मी तो कागद उलटा केला. बाणाच्या टोकाशी, पलीकडच्या बाजूला, माझा तिसरा परिच्छेद होता. उशीचा.

मला माहीत असायला हवं होतं. मी लहान असताना गिझरच्या नळाला हात लावला की झिणझिण्या यायच्या, तेव्हा बाबांनी वायर तपासून म्हटलं होतं, "अर्थच नाहीये," आणि मी हसून लोळले होते. अर्थ म्हणजे अर्थिंग; आमच्याकडच्या प्रत्येक वायरमनला हा शब्द याच अर्थाने येतो. पण रागाला एकच अर्थ दिसतो. आणि पत्रकांवर वाढलेल्या माणसाला तर कुठलाही कागद आपल्यालाच उद्देशून लिहिलेला वाटतो.

मी कागद घडी घालून पिशवीत टाकला आणि निघाले. घरी कुणी का नाही, हेसुद्धा मी विचारलं नाही. वाटेत मनातल्या मनात त्यांना उत्तर लिहीत होते. बारा वर्षं प्रेसवर घालवलेला माणूस प्रेसवरच्या पोरांबद्दल 'नुसती घूं घूं' म्हणतो. निवृत्त झाला, आवाजाचा शौकीन झाला, संपलं. असली वाक्यं मला फार सहज सुचतात.

मंगळवारी बाबांचा फोन आला.

"वाचलं मी तुझं."

"कळलं."

"कधी येतेस? अर्थ जोडायचा राहिलाय. तुझ्याशिवाय नाही होणार ते."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "तुम्हीच जोडा अर्थ," मी म्हणाले. "मला जेवढा जोडता येतो तेवढा मी जोडलेला."

"बरं," बाबा म्हणाले. "मी बघतो. पण ऐकायला तरी ये."

"वेळ मिळाला तर."

पत्रक मी एक शब्दही न बदलता छापलं. ते चांगलं चाललं. गेटवर लोक वाचत उभे राहायचे. दर वेळी कुणी उशीबद्दल बोललं की मला बाबांना फोन करून सांगावंसं वाटायचं, पाहा, अर्थ लागला लोकांना. केला नाही. जूनमध्ये गेले नाही, जुलैमध्ये गेले नाही. गणपतीला गेले, मोदक खाल्ले, पाहुण्यांसारखी बसले. अ‍ॅम्प्लिफायरवर आईने उशीचा जुना अभ्रा घातला होता. अभ्र्याखालून गुलाबी कार्डाचं टोक दिसत होतं. बाबा सोफ्याच्या पार टोकाला बसले होते, त्यांची उजवी बाजू भिंतीकडे. मी दोनदा काही विचारलं, त्यांनी भलतंच उत्तर दिलं. मी मनात म्हटलं, टाळताहेत. त्यांच्या शर्टाच्या खिशात फोन थरथरत होता आणि ते खिशावर हात ठेवून तो ओळखत होते. मी हे पाहिलं. उशीवर पत्रक लिहिणाऱ्या मला खिसा दिसला, आणि तरी काही कळलं नाही.

नोव्हेंबरमध्ये आमच्या गटाने मानपाड्यात कानांच्या तपासणीचं शिबिर भरवलं. एखादा जुना, निवृत्त प्रेस कामगारही असावा असं ठरलं, म्हणून मी घरी फोन केला. आईने उचलला.

"बाबांना शनिवारी पाठव. कान तपासून देतील फुकट."

"तपासायचं काय राहिलंय?" आई म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे उजव्याने काहीच येत नाही त्यांना. मे महिन्यापासून."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मार्चमध्ये कानात वाजायला लागलं म्हणून डॉक्टरकडे गेलेलो. तू आलेलीस ना त्या रविवारी, आणि घरात कुणी नाही बघून गेलीस, तेव्हा तिथेच होतो आम्ही. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही, राहील किंवा जाईल. औषधं घेतली सगळी. हे म्हणत होते, कान आहे तोवर एकदा ते यंत्र दोन्ही कानांनी ऐकून घेतो. मी म्हटलं तिला बोलवा. तर म्हणे, तिला वेळ नाही, पत्रक चाललंय. आणि हे काही तिला सांगू नकोस."

"का?"

"ती त्यावर पत्रक काढेल, म्हणाले."

आई हे विनोद म्हणून सांगत होती.

मार्च ते मे. सात-आठ रविवार. त्यातला कुठलाही एक पुरला असता.

मी त्याच दिवशी डोंबिवलीला गेले. बाबा टेबलाशी पेपर वाचत होते. मी उजवीकडून हाक मारली, त्यांनी पाहिलं नाही. मग मी डावीकडे गेले.

"ये पुढारी," ते म्हणाले. "शिबिर आहे म्हणे तुमचं. चांगलं आहे."

मी अभ्रा काढला. अ‍ॅम्प्लिफायरखाली दडपून ठेवलेला कागदांचा गठ्ठा होता. माझंच पत्रक, छापलेलं. बाबांनी मानपाड्यात जाऊन गेटवर वाटणाऱ्या मुलांकडून दहा-पंधरा प्रती मागून आणल्या होत्या. आणि त्यांच्या पाठीवर पेन्सिलीने तोच तोच नकाशा, सुधारून सुधारून काढलेला. डावा भाग, उजवा भाग, ट्रान्सफॉर्मर, आणि चारी बाजूंनी येऊन एका ठिपक्यात मिळणाऱ्या रेघा. ठिपक्याशेजारी लिहिलं होतं, 'अर्थ'.

मी तो कागद त्यांच्यापुढे धरला.

"बाबा, मार्चमध्ये तुम्ही माझ्या पत्रकाच्या मागे लिहिलेलं. इथे अर्थ नाही."

"हो. डाव्या बाजूची अर्थची वायर पेटीला लागतच नव्हती. बोल्टखाली रंग होता. तुला दाखवायला खूण केलेली." मग ते थांबले. "तू तो कागद घेऊन गेलीस. मला पुन्हा काढावा लागला नकाशा."

"मला वाटलं, ते माझ्या पत्रकाबद्दल आहे."

बाबांनी डावा कान माझ्याकडे केला. "काय वाटलं?"

मी मोठ्याने सांगितलं. स्वयंपाकघरात आईच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं. बाबांनी आधी माझ्याकडे, मग कागदाकडे पाहिलं आणि हसू लागले. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मला हसता आलं नाही.

"अगं, समासात लिहिलं असतं ना मी तुझ्याबद्दल असतं तर. पाठीवर कशाला लिहीन?" ते म्हणाले. "पत्रक चांगलं होतं. ती उशी चांगली होती. 'कानठळ्या' दोनदा आलंय, तेवढं सोडलं तर."

"मग फोनवर तसं सांगायचंत ना."

"वाचलं म्हटलं की मी. आणि तू विचारायचंस ना."

बरोबर होतं. लोकांना प्रश्न विचारायला शिकवण्यात माझी वर्षं गेली, आणि घरातला एक प्रश्न मी आठ महिने गिळून बसले.

पुढच्या रविवारी आम्ही पेटी उघडली. बोल्ट काढून त्याखालचा काळा रंग मी सुरीने खरवडला, खालचा पांढरा धातू चमकेपर्यंत. बाबा बोटाने दाखवत होते, मी करत होते. सगळ्या वायरींची टोकं त्या एकाच बोल्टखाली आली. त्यांनी मधल्या काळात एकट्याने हे जोडून पाहिलं होतं, तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी. पण जमलं की नाही, हे सांगायला कुणी नव्हतं. करणारा तपासत नाही.

चालू केलं. मी खुर्चीत बसले, मग उठून प्रत्येक स्पीकरला कान लावला.

"गेला," मी म्हणाले.

"नक्की? माझ्यासाठी म्हणून सांगू नकोस."

"नक्की गेला, बाबा. काहीच नाही."

त्यांनी कार्ड सोडवून माझ्यापुढे ठेवलं. 'तपासणारा' या शब्दापुढे मी सही केली. तारखेच्या जागी आजची तारीख घालताना हात अडला. बाबा म्हणाले, "घाल, जी असेल ती."

मग त्यांनी तंबोरा लावला, नुसता तंबोरा, गाणं नाही. खडूच्या खुणा आईने इतक्या महिन्यांत पुसू दिल्या नव्हत्या. बाबा त्यांवरच्या खुर्चीत बसले. मान जराशी वळवली, मग आणखी वळवली. डावा कान पुढे आला, तसा डावा स्पीकर त्यांच्या पाठीमागे गेला. थोड्या वेळाने ते उठले.

"स्वच्छ आहे," ते म्हणाले. "पण मला सगळं एकाच भिंतीतून येतंय. तू बस. मोज बघू."

मी बसले. डोळे मिटले. खोलीत चार तारा चार ठिकाणी होत्या, बाबांनी आयुष्यभर सांगितल्या होत्या तशा.

"एक डावीकडे," मी म्हणाले, "दोन मधे, अगदी जवळ जवळ," आणि माझ्याच आवाजात चौथी बुडाली.

"काय?" बाबा म्हणाले.

मी मोठ्याने बोलले तर तारा ऐकू येत नव्हत्या आणि हळू बोलले तर त्यांना मी ऐकू येत नव्हते. मी डोळे उघडले. ते माझ्या समोर येऊन उभे होते, माझ्या ओठांकडे पाहत. मी तोंड मिटलं आणि हात वर केला. तार वाजली की एक बोट. दुसरी, दुसरं बोट. बाबा माझ्या हाताकडे पाहत राहिले. चौथं बोट वर गेलं तेव्हा त्यांनी मान हलवली, आणि पुन्हा पहिल्यापासून, असं खुणेने सांगितलं.